मुकुंदवाडीचा पायलट

मुकुंदवाडीच्या छोट्या स्टेशनावर उतरा आणि कुणालाही विचारा, “पायलटचं घर कुठं हो?” चहावाला हातातली किटली खाली न ठेवता नुसत्या हनुवटीनं रस्ता दाखवील. बोळ ओलांडला की निळ्या फाटकाचं घर लागतं. दारात कडुनिंब, त्याखाली लोखंडी बाज, आणि सकाळच्या वेळी बाजेवर बसून बूट पॉलिश करणारा उंच, वयस्कर माणूस. तो बद्रीनाथ शिनगारे. साऱ्या वस्तीचा पायलट.

गंमत अशी, की बद्रीनाथनं आयुष्यात एकदाही एकट्यानं विमान उडवलेलं नाही. हे त्यानं कुणापासून लपवलेलं नाही. भर पारावर उभं राहून सांगितलं होतं. पण आमच्याकडं एकदा नाव पडलं की ते सातबाऱ्यावर चढल्यासारखं असतं. खोडायला जन्म जातो.

त्याच्या बापाचं, पुंजारामचं, शेत चिकलठाण्याच्या विमानतळाला लागून होतं. तेव्हा दिवसातून एखादंच विमान यायचं. ते उतरायला लागलं की बैल बुजायचे आणि औत थांबायचं. पुंजाराम कासरा आवळून धरायचा आणि आभाळाकडं बघून एक ठरलेली शिवी हासडायचा. बद्रीनाथला मात्र त्या आवाजाचं वेड. हातातलं काम टाकून तो बांधावर जाऊन उभा राहायचा. आई, लक्ष्मीबाई, म्हणायची, “ह्याच्या कानात इमान शिरलंय. आता काय निघायचं नाय ते.”

पुढच्या शिक्षणासाठी तो शहरातल्या छावणी भागात मामाकडं राहिला. तिथल्या शाळेत त्याला कवायतीचे मास्तर भेटले, निजामुद्दीन. अंगानं काटक, मिशी पांढरी, पाठ अशी ताठ की भिंतीला टेकून बसलेलं त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. पोलीस ॲक्शनच्या आधी ते निजाम सरकारच्या घोडदळात जमादार होते. फौजेत नव्यानं आलेल्या साहेब लोकांना घोड्यावर बसायला शिकवायचं त्यांचं काम. अठ्ठेचाळीस साली ती फौजच राहिली नाही. काही वर्षं मिळेल ते करून शेवटी ते शाळेत लागले. पोरं त्यांना मास्तर म्हणत नसत, जमादारसाहेब म्हणत. त्यांनी ‘सावधान’ म्हटलं की बाहेर रस्त्यानं चाललेला सायकलवालासुद्धा पेडल मारायचा थांबतो, असं पोरं एकमेकांना सांगत.

बद्रीनाथ बी. एस्सी. झाला, एनसीसीत पुढं आला, आणि शहात्तर साली हवाई दलाच्या निवड मंडळापुढं उभा राहिला. निवड झाली. डॉक्टरांनी डोळे, कान, छाती सगळं तपासून पास केलं. हैदराबादजवळच्या अकादमीत हजर व्हायचा हुकूम आला, तेव्हा मुकुंदवाडीनं हलगी लावली. सरपंच आप्पासाहेबांनी हार घातला आणि हात उंचावून ओरडले, “आपला बद्री पायलट झाला!” पोरानं अजून विमानाच्या चाकाला हात लावला नव्हता, पण नाव त्या दुपारीच पडलं.

पेढे घेऊन तो छावणीत जमादारसाहेबांकडं गेला. बाजारामागच्या बोळात त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. ते आता निवृत्त झाले होते. अंगणात स्टुलावर बसून कोंबड्यांना दाणे टाकत होते.

“जमादारसाहेब,” बद्रीनाथ म्हणाला, “पहिले कितीतरी महिने नुसती अफसरीची ट्रेनिंग असती म्हणं. कवायत, पळणं, खड्डे खोदणं. इमान त्याच्यानंतर. तेवढे दिवस कसे काढायचे, ते सांगा.”

निजामुद्दीननी पेढा मोडून तोंडात टाकला. “दिवस जेलमधी काढतात, मियाँ. तू जेलमधी चाललास का?”

“तसं नाय…”

“एक सांग. उद्या ते म्हणले, हवाई जहाज नाय, फक्त कवायत हाय. मग जाशील?”

बद्रीनाथला खोटं बोलता येत नसे. “नाय जाणार.”

“तो फिर मत जा.”

पोराचा चेहरा पडला. आतून त्यांची बायको, कमरुन्निसा, चहा घेऊन येत होती. तिनं ऐकलं आणि तिथूनच डाफरली, “बच्चा पेढे लेको आया, और तुम कैसी बाताँ करते! जरा भी अक्कल नक्को का?”

जमादारसाहेब हसले. कप बद्रीनाथच्या हातात देत म्हणाले, “बस. ऐक. माझ्याकडं नवे साहेब यायचे. बड्या घरची पोरं. आल्या आल्या विचारायचे, घोडा कुठंय? मी म्हणायचो, घोडा तबेल्यात हाय, आधी खरारा घ्या हातात. रोज खरारा, रोज खूर साफ करणं. मला शिव्या द्यायचे. त्यातला जो लीद काढतानाबी साहेब राहायचा, तो घोड्यावरबी साहेब राहायचा. जो नुसता घोड्याची वाट बघत थांबलेला असायचा, तो एकदा पडला की घरी जायचा.”

त्यांनी उरलेले दाणे कोंबड्यांपुढं टाकले. मग म्हणाले, “और फिर घोडे भी गये. हुकूम आला, हत्यारं जमा करा, जनावरं जमा करा. माझी घोडी होती, शबनम. नेऊन दिली. दुसऱ्या सकाळी डोळा उघडला तर हात आपोआप खरारा शोधायला लागले. शेजारी दूधवाल्याची म्हैस बांधलेली. तिलाच चोळून काढलं.”

“दूधवाला रडत आया मेरे पास,” कमरुन्निसा म्हणाली. “बोल्या, भाभी, जमादार पागल हो गये.”

“फौज गेली, वर्दी गेली, हुकूम देणारे गेले,” निजामुद्दीन म्हणाले. “पण सकाळी उठणं ऱ्हायलं. दिलेला शब्द ऱ्हायला. आपली माणसं जेवल्याबिगर आपण जेवायचं नाय, हे ऱ्हायलं. त्याच्यावरच मी एवढी सालं उभा हाय. ट्रेनिंग म्हणजे ते. बाकी सगळा सरकारचा माल. कधी परत मागतील, सांगता येत नाय.”

मग मात्र त्यांनी कामाच्या गोष्टी सांगितल्या. बूट आजच विकत घे आणि बापाच्या शेतात ढेकळांवरून हिंड, फोड यायचे ते इथंच येऊ देत. मेसमध्ये काटा-चमचा धरता आला नाही तर शेजारच्याला सरळ विचार. लपूनछपून शिकणाऱ्याचं जास्त हसं होतं. आणि उठता उठता त्यांनी बोट उगारलं, “दुसऱ्याच्या चुकीपायी तुला पळवतील. तेव्हा त्या दुसऱ्यावर दात धरलास, तर समज गेलास.”

बद्रीनाथ मान डोलावत होता. पण खरं सांगायचं तर त्यातलं बुटाचं तेवढं त्यानं ध्यानात ठेवलं.

अकादमीत बुटाचा उपयोग झाला. पहिल्या आठवड्यात निम्मी पोरं लंगडत होती, बद्रीनाथ खडखडीत चालत होता. पळण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. काटा-चमच्याचं त्यानं कुणाला विचारलं नाही, त्यामुळं वाटाण्याचे दाणे महिनाभर ताटाबाहेर उड्या मारत राहिले. त्याच्या हिंदीला पोरं हसायची. ‘मेरेकू’ म्हटलं की मागून कुणीतरी ‘तेरेकू’ म्हणायचं. ते सगळं तो गिळायचा, कारण मैदानाच्या पलीकडं, तारेच्या कुंपणामागं, विमानं उभी होती. कवायत शिकवणारा उस्ताद ‘दाहिने देख’ म्हणाला की याची मान सगळ्यांआधी वळायची, कारण विमानं उजव्या बाजूला होती.

त्याच्या तुकडीत बलजीत नावाचा पंजाबी मुलगा होता. धिप्पाड, गोरा, मनानं भोळा. गणितात पहिला, पण चालायला लागला की त्याचा उजवा हात उजव्या पायाबरोबर पुढं जायचा. त्याचं पाऊल चुकलं की साऱ्या तुकडीला बंदूक डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या. बद्रीनाथला तो डोळ्यांपुढं नको व्हायचा. एकदा बलजीतनं जेवताना शेजारची खुर्ची ओढली, तर बद्रीनाथ ताट उचलून दुसऱ्या टेबलावर गेला.

पुढं रानातला कॅम्प आला. पाठीवर ओझं, हातात नकाशा, आणि दिवसभराची डोंगरदऱ्यांतली वाट. त्या दिवशी तुकडीचा पुढारी बद्रीनाथ होता. नकाशा त्याला बापाच्या शेतासारखा वाचता यायचा. त्यानं तुकडीला असं पळवलं, की ठरलेल्या ओढ्याकाठी ते सगळ्या तुकड्यांच्या आधी पोचले. तिथं कॅम्पचे अधिकारी झाडाखाली बसले होते. बद्रीनाथनं छाती काढून सलाम ठोकला.

अधिकाऱ्यांनी घड्याळाकडं पाहिलंच नाही. त्यांनी माणसं मोजली. “एक कमी आहे.”

“बलजीत, सर. पाय मुरगळला होता. सावकाश येतो म्हणाला.”

“कुठं सोडलंस त्याला?”

“टेकडीच्या पलीकडं, सर.”

“एकट्याला?”

बद्रीनाथनं मागं वळून टेकडीकडं पाहिलं.

“वाट शोधणारा माणूस मला गावातून कुणीही मिळेल,” अधिकारी म्हणाले. आवाज चढला नव्हता. “उद्या तू विमान घेऊन गेलास तर तुझ्यासोबतचा दुसरा माणूस परत येईल की नाही, हे मला आज बघायचं असतं. जा, घेऊन ये त्याला.”

तो परत गेला. बलजीत एका दगडावर बसून बुटाची नाडी सैल करत होता. बद्रीनाथला पाहून तो हसला आणि म्हणाला, “तू आलास होय? मला वाटलं दुसऱ्या कुणाला पाठवतील.” त्या हसण्यानं बद्रीनाथला जेवढं लाजवलं, तेवढं अधिकाऱ्याच्या बोलण्यानं लाजवलं नव्हतं. बलजीतचं ओझं त्यानं आपल्या छातीवर बांधलं आणि त्याचा हात खांद्यावर घेऊन दोघं वाटेला लागले.

थोड्या दिवसांनी सुट्टी लागली. मुकुंदवाडीत बायका ओवाळायला उभ्या, पोरं मागं मागं ‘पायलट, पायलट’ करत. बद्रीनाथला ते नकोसं झालं. दुसऱ्याच दिवशी त्यानं सायकल काढली आणि छावणी गाठली. जमादारसाहेबांना त्यानं सगळं सांगितलं, ताट उचलून गेल्याचंही.

त्याला वाटलं, आता रागावतील. निजामुद्दीन कोंबड्यांकडं बघत राहिले. मग विचारलं, “त्याला चालता का येत नाय?”

“हात-पाय एकदम पडतात त्याचे.”

“तुझा बाप गोऱ्हा औताला कसा लावतो? पाठीत काठी घालून?”

“नाय. जाणत्या बैलासंगं जुपतो. जूला जू. चार दिवसांत गोऱ्हा आपोआप पाऊल धरतो.”

“मग मला काय विचारतो?” जमादारसाहेब म्हणाले.

सुट्टीवरून परतल्यावर बद्रीनाथनं दोन काठ्या पैदा केल्या. संध्याकाळी मैदान रिकामं झालं की तो पुढं आणि बलजीत मागं असे उभे राहायचे. दोन्ही बाजूंना एकेक काठी, तिचं एक टोक याच्या मुठीत आणि दुसरं त्याच्या. बद्रीनाथचा हात पुढं गेला की काठी बलजीतचा हात ओढून नेई. पहिल्या संध्याकाळी दोघं एकमेकांच्या अंगावर पडले. बघणारी पोरं पोट धरून हसली. कवायतीचा उस्ताद लांबून बघत होता. आठवडा-दोन आठवडे हे चाललं आणि एका सकाळी परेडमध्ये बलजीतचे हातपाय सरळ पडले. उस्तादानं मिशीतल्या मिशीत हसून ‘शाबास’ म्हटलं. कुणाला म्हटलं, ते त्यानं सांगितलं नाही.

त्यानंतर बद्रीनाथ मैदानावर विमानांकडं बघेनासा झाला असं नाही. बघायचा. पण पळताना तो पुढं असायचा, तो आता मागं राहायला लागला. जो सगळ्यात शेवटी असेल त्याच्या जोडीनं पळायचा. गंमत म्हणजे त्याला ते आवडायला लागलं. शेवटच्या माणसाशी बोलायला वेळ मिळतो, त्याचं घर कळतं, त्याची आई काय रांधते ते कळतं.

मग ते दिवस आले, ज्यांच्यासाठी तो गेला होता. पंख्याचं छोटं विमान, पुढं शिकणारा, मागं शिकवणारा. पहिल्यांदा चाकं जमिनीवरून सुटली तेव्हा बद्रीनाथच्या डोळ्यांत पाणी आलं. खाली शेतं गोधडीसारखी दिसत होती. मागून शिक्षकांचा आवाज आला, “कसं वाटतंय?” तो एवढंच म्हणाला, “सर, आता बैल बुजत असतील.”

वर गेल्यावर तो चांगला होता. वळणं, चढणं, सरळ राहणं, सगळं नेटकं. अडचण उतरायची होती. जमीन जवळ आली की विमानाचं नाक नेमकं कधी उचलायचं, हे त्याच्या डोळ्याला कळेना. कधी लवकर उचलायचा, मग विमान वरूनच धप्पकन पडायचं. कधी उशीर व्हायचा, मग चेंडूसारख्या उड्या. शिक्षक शांत स्वभावाचे होते. त्यांनी जास्तीच्या फेऱ्या दिल्या, जमिनीवर बसवून समजावलं, धावपट्टीच्या कडेला उभं करून इतरांची विमानं उतरताना दाखवली. बाकीची पोरं एकेक करून एकटी उडून आली. बलजीत उडून आला, तेव्हा रिवाजाप्रमाणं मित्रांनी त्याच्यावर बादल्या ओतून त्याला भिजवलं. त्यात बद्रीनाथची बादली सगळ्यात मोठी होती.

शेवटी एका वरच्या अधिकाऱ्यांनी त्याच्यासोबत एक फेरी मारली. उतरल्यावर त्यांनी हेल्मेट काढलं आणि बद्रीनाथच्या खांद्यावर हात ठेवला. हात ठेवल्यावरच त्याला कळलं.

“तुझ्यात काही खोट नाही,” ते म्हणाले. “पण हा अंदाज काहींना येतो, काहींना येत नाही. मी तुला एकट्याला सोडलं, तर तुझ्या आईला तोंड दाखवू शकणार नाही.”

त्याचं उड्डाण थांबवण्यात आलं. चार दिवसांनी तो अधिकाऱ्यांच्या मंडळापुढं उभा राहिला. घरी जायचं की जमिनीवरच्या शाखेत अधिकारी म्हणून राहायचं, असं त्यांनी विचारलं. कॅम्पच्या अधिकाऱ्यांनी आणि उस्तादानं तुझ्याबद्दल चांगलं सांगितलंय, एवढंही म्हणाले. त्याला विचार करायला दुपारपर्यंत वेळ दिला.

बद्रीनाथ मैदानाच्या कडेला बाभळीखाली जाऊन बसला. आधी त्याच्यापुढं मुकुंदवाडी उभी राहिली. हलगी, हार, आप्पासाहेब. समोर नव्यानं भरती झालेली पोरं कवायत करत होती. त्यातल्या एकाचा बूट निघाला आणि तो एका पायात बूट, एका पायात मोजा असा चालत राहिला. उस्ताद ओरडत होता. बद्रीनाथला हसू आलं. हसता हसता त्याच्या ध्यानात आलं, की आता विमान नाही आणि तरीही आपल्याला इथून जावंसं वाटत नाही. त्याला स्वतःचंच नवल वाटलं. उठून कपडे झटकले आणि दुपार व्हायची वाट न बघता तो आत गेला. “सर, मी राहतो.”

त्याला साठा-पुरवठ्याच्या शाखेत घेतलं. बूट, गोधड्या, तंबू, टायर, विमानांचे सुटे भाग. पुढं खांद्यावर पट्टी चढली आणि तो वर्दीत गावी आला. स्टेशनावर परत हलगी. मारुतीच्या पारावर आप्पासाहेब भाषणाला उभे राहिले, तेव्हा बद्रीनाथनं त्यांना थांबवलं.

“मंडळी, एक सांगायचंय,” तो म्हणाला. “मी पायलट नाय. मला इमान उतरवता आलं नाय. मी अफसर झालोय, पण जमिनीवरचा. सामानसुमान बघतो.”

मग मागून सारजाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईनं विचारलं, “मंग इमानात बसतच नाय का रं तू?”

“बसतो की. मागं. सामानासंगं.”

“मंग झालं तर!” सारजाबाई म्हणाली. “बसतो म्हणतोय की पोरगं. वाजवा रं.” आणि हलगी पुन्हा सुरू झाली.

संध्याकाळी पुंजाराम लेकाला घेऊन शेतात गेला. दोघं बांधावर बसले. तेवढ्यात मुंबईचं विमान आलं, त्यांच्या डोक्यावरून खाली झुकत गेलं. पुंजारामनं नेहमीची शिवी दिली नाही. विमान दिसेनासं झाल्यावर त्यानं हळूच विचारलं, “लई वाईट वाटलं का रं?”

“लई वाटलं, दादा,” बद्रीनाथ म्हणाला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा रडला. पुंजारामनं त्याला रडू दिलं. मग धोतराच्या सोग्यानं त्याचं तोंड पुसलं, जसं लहानपणी शेंबूड पुसायचा तसं, आणि म्हणाला, “चल. तुझी माय पुरण घालून बसलीय.”

दुसऱ्या दिवशी तो छावणीत गेला. जमादारसाहेब आता थकले होते, गुडघे धरले होते. बोळाच्या तोंडाशी वर्दी दिसली आणि ते भिंतीचा आधार घेऊन उठले. बद्रीनाथ पाया पडायला वाकणार, तोच त्यांनी हात आडवा केला.

“वर्दीत वाकायचं नाय.”

आणि मग त्या म्हाताऱ्या माणसानं टाचा जुळवल्या, पाठ ताठ केली आणि त्याला कडक सलाम ठोकला. जमादारानं साहेबाला ठोकावा तसा. बद्रीनाथ गडबडून गेला. ज्यांनी त्याला ‘सावधान’ शिकवलं, ते त्याच्यापुढं सावधान उभे होते. आपण परत सलाम केल्याशिवाय त्यांचा हात खाली येणार नाही, हे बद्रीनाथला कळलं. त्यानं सलाम केला. मग दोघंही बसले.

“जहाज गेलं, जमादारसाहेब,” बद्रीनाथ म्हणाला.

“हौ, समझा,” ते म्हणाले. “लेकिन चाल अच्छी है तेरी.” आणि कमरुन्निसाला हाक मारून त्यांनी चहा टाकायला सांगितलं.

बद्रीनाथनं पंचवीस वर्षांच्या आसपास नोकरी केली. आसाम, राजस्थान, लडाख. आसामात एकदा पुराचं पाणी गोदामात शिरलं, तेव्हा त्यानं आधी जवानांच्या बायकापोरांना हलवलं आणि मग टायरांना हात लावला. त्याबद्दल वरून बोलणीही खाल्ली. एकदा लडाखला जाताना मालवाहू विमानात बटाट्याच्या पोत्यांवर तो बसला होता. पुढून निरोप आला, पायलटसाहेबांनी बोलावलंय. पायलट बलजीत होता. त्यानं शेजारची जागा दाखवली. बद्रीनाथ थोडा वेळ बसला, बर्फाचे डोंगर डोळे भरून पाहिले आणि म्हणाला, “जातो मागं. एक जवान पहिल्यांदाच विमानात बसलाय, ओकाऱ्या काढतोय बिचारा.” निजामुद्दीन गेले, तेव्हा तो लांब होता, वेळेवर पोचू शकला नाही. नंतर सुट्टीत आला आणि कमरुन्निसाजवळ दिवसभर बसून राहिला. दोघांनी कोंबड्यांना दाणे टाकले.

निवृत्त होऊन तो बायको आशाबाईसह मुकुंदवाडीत परत आला. तोवर शेताच्या जागी घरं उभी राहिली होती. पोरं-पोरी सल्ला विचारायला यायला लागली. बहुतेकांना पायलट व्हायचं असायचं. एक दिवस उस्मानपुऱ्यातले शफीक चष्मेवाले आपल्या मुलीला, गौहरला, घेऊन आले. “साहेब, हिला तुम्हीच समजवा. जहाज उडवीन म्हणती.”

बद्रीनाथनं तिला समजावलं नाही. रोज सकाळी आपल्यासोबत चालायला बोलावलं. ती यायची. चालता चालता तो तिला अकादमीतल्या गोष्टी सांगायचा, विमानाच्या कमी आणि माणसांच्या जास्त. तिला वाटायचं म्हातारा मूळ मुद्द्यावर येतच नाही. एकदा तिनं तसं तोंडावर म्हटलंही. तो म्हणाला, “येईल, येईल. आधी बूट बदल. ह्यांचा तळ गेलाय.”

गौहर निवडली गेली. गेल्यावर चौथ्या आठवड्यात तिचा फोन आला. रडत होती. पायाला फोड, झोप नाही, उगाच शिक्षा, आणि विमान तर अजून लांबूनसुद्धा धड दिसलं नाही. “काका, मी परत येते.”

बद्रीनाथनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “तुझ्या खोलीत तुझ्यापेक्षा जास्त हाल कुणाचे हायेत?”

ती विचारात पडली. “मिझोरमची एक मुलगी हाय. तिला जेवणच जात नाय इथलं.”

“तिच्यासंगं जेवायला बस आज. तुझं नंतर बघू.”

पुढच्या रविवारी पुन्हा फोन आला. गौहर अर्धा तास त्या मिझोरमच्या मुलीबद्दलच बोलत होती. परत यायचं ती विसरूनच गेली होती.

वर्ष सरता सरता एका सकाळी तिचा फोन आला. ती एकटी उडून आली होती. केसांतून अजून पाणी गळतंय, मैत्रिणींनी भिजवलंय, असं सांगत होती. बद्रीनाथ ‘वा, वा’ म्हणत राहिला. मग तिच्या घरी फोन लावून बापाचं, आईचं अभिनंदन केलं. फोन ठेवला आणि बाजेवर बसून राहिला.

आशाबाई भाजीची पिशवी घेऊन बाहेर आली. नवऱ्याचा चेहरा बघून थांबली. “काय झालं? पोरगी बरी हाय ना?”

“बरी हाय. उडून आली एकटी.”

“मंग असं का बसलात?”

बद्रीनाथनं सरकून तिला बाजेवर जागा करून दिली. “आनंद झाला गं. पण थोडा हेवाबी वाटला. एवढ्या वर्षांनी. म्हातारपणी बरं दिसतं का हे?”

आशाबाई त्याच्या शेजारी टेकली. तिनं पदरानं वारा घेतला, कडुनिंबाकडं पाहिलं. “वाटणारच की,” ती म्हणाली. “दगड थोडीच हायेत तुम्ही.” मग पिशवी त्याच्या मांडीवर ठेवत म्हणाली, “उठा आता. आज मंगळवारचा बाजार हाय. उशीर झाला की मेथी शिळी मिळती.”

तो उठला. फाटक उघडलं. रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षावाल्यानं वेग कमी करून हात केला, “राम राम, पायलटसाहेब! सोडू का बाजारात?”

“नको रं,” बद्रीनाथ म्हणाला. “चालतच जातो.”